रंगाचा एक हात

ती. ताईस,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे. खोली ऐसपैस आहे, जेवण वेळेवर मिळतं. बाबांचा गुडघा काय म्हणतो?

यापुढचं मात्र त्यांना वाचून दाखवू नकोस.

इथे घर गरम ठेवायला जमिनीत गरम पाण्याचे प्लास्टिकचे पाइप टाकतात आणि वर काँक्रीट ओततात. बाबांचं वाक्य तुला पाठ आहेच, ‘रंगाचा एक हात मारल्याशिवाय पाइप बुजवायचा नाही.’ मी सवयीने सगळ्या पाइपांना ऑइलपेंट फासला. काँक्रीट पडल्यावर मी हे कौतुकाने सांगितलं, तर इंजिनिअरसाहेबांनी कपाळावर हात मारला. “अरे, ते लोखंडाला! रंगातलं थिनर प्लास्टिकला खातं. आता पाइप उद्या तडकेल, नाहीतर वीस वर्षांनी.”

दोन हिवाळे पाइप टिकले, तरच साहेब मला घरी सोडणार. तोवर पासपोर्ट त्यांच्या कपाटात. रोज अनवाणी फिरून ओल शोधतो. जमीन छान कोमट लागते गं, पाय माझेच गार पडतात.

म्हणजे भाचीच्या लग्नात मामा नाही. काम फार आहे म्हणून सांग तिला.

आणि बाबांनी विचारलंच तर सांग, पोराने एकही पाइप रंगाशिवाय बुजवला नाही. खूश होतील.

तुझा,
धाकटा