दम चोरल्याचा संशय

सर, गेले काही महिने माझा तुमच्यावर संशय आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता संशय घेऊन कुणाचं काही बिघडत नाही, सुधारतही नाही. पण आला मनात. झालं असं की माझा श्वास बिघडला. दमा नाही, हृदय ठीक, रक्त पुरेसं. एक्सरे काढला, ईसीजी काढला, नळीत फुंकून फुप्फुसं तपासली, सगळं नॉर्मल. तरी विमानतळाजवळच्या मिहानमधल्या आमच्या ऑफिसात, एसीत बसून मालाच्या नोंदी करता करता मला अचानक वाटतं की आत घेतलेली हवा तळापर्यंत पोचतच नाही. मग मी जांभई देते, उसासा टाकते, तोंड उघडून आणखी ओढते, आणि जितकं ओढावं तितकं अपुरं पडतं. बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात. एकदा भर मीटिंगमध्ये झालं तर सोबतच्या लोकांनी धरून गाडीत बसवलं. घरी हे म्हणाले, "टेन्शन घेतेस तू." रिपोर्ट चांगले आले की लोक ज्या नजरेनं बघतात ती मला नवी नव्हती. ती मी पहिल्यांदा तुमच्या डोळ्यांत पाहिली होती.

तुम्हाला ती संघ निवडायची सकाळ लक्षात राहिली होती की नाही, मला कधीच कळलं नाही. भिवापूरहून, गावाकडून, मी शहरात धरमपेठेत मावशीकडे शिकायला आले आणि तुमच्या मुलींच्या कबड्डीत शिरले. पाणी मारलेली माती, गळ्यात शिटी घालून तुम्ही, आणि तुमचा एकच धोशा, "छाती भरून घे वं, पार गळ्यापर्यंत." चढाईला जायचं तर एकाच श्वासात कबड्डी-कबड्डी म्हणत जायचं आणि तोच श्वास टिकवून परत यायचं. मध्ये कुठं गुपचूप हवा आत घेतली तर तुमच्या भाषेत दम चोरला, आणि मुलगी बाद. तुमचा कुणावरच भरवसा नव्हता. कान पुढे करून तुम्ही मैदानाच्या कडेनं आमच्यासोबत पळायचात. स्पर्धेसाठी संघ निवडायच्या दिवशी मी दोघींना हात लावून परत आले आणि तुमची शिटी वाजली.

"दम चोरला तुनं."

"नाही चोरला, सर."

"मले आयकू आलं. खोटं काहून बोलून राहिली?"

"आईची शप्पथ, सर. नाही चोरला."

"बस तिकडं."

मी जाऊन बसले. ती स्पर्धा मी बाहेरूनच पाहिली. नंतर एका संध्याकाळी तुम्ही मावशीकडे आलात, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात आणि बर्डीच्या बाजारातून आणलेल्या गुडघ्याच्या पट्ट्या माझ्या हातात दिल्या. "पुढच्या साली लागतील तुले," एवढंच म्हणालात. मावशी चहाचं आधण ठेवत होती, तुम्ही चहा न घेताच गेलात. मी त्या पट्ट्या हातात धरून विचार करत राहिले, ही माफी आहे की नुसत्या पट्ट्या आहेत? मी चोरला नव्हता, सर. हे मला जितकं पक्कं माहीत आहे तितकं दुसरं फार थोडं माहीत आहे.

तर आता श्वासाच्या डॉक्टरांनी मला एका मोठ्या दवाखान्यात चाललेल्या संशोधनात पाठवलं. तिथली फिजिओथेरपिस्ट म्हणजे पोरगीच, माझ्या भाचीच्या वयाची. तिनं समजावलं की फुप्फुसं चांगली असूनही काहींची श्वास घ्यायची पद्धतच बिघडते, ते वरच्या छातीनं, तोंडानं आणि गरजेपेक्षा जास्त श्वास घेतात. अशा लोकांना दोन गटांत वाटून दोन वेगवेगळे व्यायाम शिकवायचे आणि कशानं फरक पडतो ते बघायचं, असा तो अभ्यास. कोण कुठल्या गटात जाईल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. मी तिथंच सावध झाले. सही करायच्या आधी विचारलं, "म्हणजे एक गट खरा अन् एक खोटा?"

"तसं नाही ताई. कोणता जास्त कामाचा, ते आम्हालाच अजून माहीत नाही."

"तुम्हालेच माहीत नाही तर मले काय शिकवता?"

ती हसली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता?" उत्तर सरळ होतं, म्हणूनच मला ते जास्त खटकलं. मग तिनं मला मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावला. थोड्याच वेळात तेच सगळं हजर झालं, मुंग्या, बधिर ओठ, गरगरणं. हुबेहूब माझा झटका. ती म्हणाली, "बघा ताई, हवा कमी पडल्यानं नाही, जास्त घेतल्यानं होतं हे." मी हात झटकत बसले होते. मनात आलं, हिनंच मला आत्ता आजारी पाडलं आणि हीच मला आता बरं करणार, धंदा चांगला आहे.

माझ्या वाट्याला आलेला व्यायाम असा. एक हात पोटावर, तोंड बंद. श्वास लहान घ्यायचा, नाकानं, आवाज न करता. सोडल्यावर जरा थांबायचं आणि पुढच्या श्वासाची घाई करायची नाही. "छाती भरू नका," ती सांगते, "कमी घ्या, आणखी कमी." आणि तिथं, सर, मला तुम्ही आठवलात. ज्यानं मला श्वास घ्यायला शिकवलं त्यानंच तर उलटं शिकवलं नव्हतं? तिनं विचारलं होतं, लहानपणी पोहणं, गाणं, काही खेळ? मी म्हटलं, काही नाही. सरळ नाही म्हटलं. तिनं तुमच्याकडे बोट दाखवावं हे मला नको होतं. माझा संशय होता, तो माझ्याजवळ राहू द्यायचा होता.

तुमचे शेवटचे दिवस ज्या वॉर्डात गेले तिथं मी एकदा आले होते. नाकाला नळी, पाठीशी उशा. तुम्ही एक वाक्य तुकड्या-तुकड्यांनी बोलत होता, "भिवापूरची... पोरगी ना... तू?" प्रत्येक तुकड्याच्या मध्ये हवा आत जाताना शीळ घातल्यासारखी वाजत होती. मग तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. "आवाज येते का वं... माह्या श्वासाचा?"

"नाही येत, सर."

"खोटं... नको बोलू."

त्या वेळी तुमचं बरोबर होतं. मी दाराबाहेर येऊन खूप वेळ भिंतीला टेकून उभी होते, आणि संघातून काढल्याचा राग होता तसाच होता, तो काही त्या नळीकडे बघून गेला नाही.

सराव करताना आठवडेच्या आठवडे मला काही फरक दिसेना. मी नक्की त्या बिनकामाच्या गटात आहे, असं मी धरून चालले. एकदा बाहेरच्या बाकावर एक मास्तर भेटले, तेही त्याच अभ्यासात होते. मी त्यांना खोदून विचारायला लागले, तुम्हाला काय शिकवतात, हात कुठं ठेवता. पोरीनं दारातून ऐकलं आणि मला आत बोलावलं. "ताई, असं विचारू नका. सगळ्यांनी एकमेकांचं बघून केलं तर आम्हाला काहीच कळणार नाही." आवाज मऊ होता, पण रागावणंच होतं ते. पन्नाशीला आलेल्या बाईला कोणी असं रागावत नाही. कशी कोण जाणे, मी तिला कबड्डीचं सांगून टाकलं. तुमचं ते गळ्यापर्यंत छाती भरणं सांगितलं आणि विचारलं, "त्यानं झालं का हे?"

मला वाटलं आता ती हो म्हणेल. ती म्हणाली, "मला सांगता येणार नाही ताई. तुमच्या सोबतच्या बाकी मुलींना असं झालं का?"

कुणालाच नाही झालं. दोघी-तिघींशी अजून बोलणं होतं, धडधाकट आहेत. म्हणजे तुमच्याविरुद्ध काही हाती लागलं नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट रिकामंरिकामं वाटलं. कोणाचा तरी दोष असता तर मला तो ओळखीच्या माणसाचा असलेला चालला असता. शिवाय संशयाच्या निमित्तानं मी रोज तुमच्याशी भांडत होते. इतक्या वर्षांत एवढं बोलणं आपलं कधी झालं नव्हतं.

अभ्यासातला माझा भाग संपला. शेवटची तपासणी दुसऱ्याच एकानं केली, ज्याला माझा गट माहीत नव्हता, आणि ही सोय मात्र मला पटली. निकाल सगळ्यांचं झाल्यावर कळवणार आहेत. व्यायाम मी सकाळी करते, विश्वास ठेवून नाही, नुसता करते. झटका मधूनमधून येतो, पण मी हवेची ओढाओढ केली नाही तर आपणच जातो. हे पत्र ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे आणि घरी नेणार नाही.

परवा लिफ्ट बंद होती. फाइली घेऊन मी वरच्या मजल्यावर गेले, साहेबांशी बोलले, खाली आले, खुर्चीवर बसले, आणि तेव्हा लक्षात आलं की एवढ्या वेळात मला श्वासाची आठवणच झाली नाही. ती पोरगी फोन करते, "कसं आहे, ताई?" विचारते. मी म्हणते, "ठीक." हे जिन्याचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर व्यायाम लागू पडला हे मान्य केल्यासारखं होईल, आणि मी अजून मान्य केलेलं नाही.