वीस दिवसांची शालू

८ सप्टेंबर
बी.पी. १५०/९०. मीठ कमी. गुडघा तसाच.
अश्विनी शाळेतून उशिरा आली. तिच्याबरोबर शिकवणाऱ्या वर्षाकडे पितरांचं जेवण होतं, पंचवटीत. आल्या आल्या मोबाइल पुढे धरला. "आई, ही मुलगी बघा. अगदी तुमचे डोळे." वर्षाच्या सासूबाईंची थोरली बहीण म्हणे. लहानपणीच तापाने गेली.
भिंतीवरचा फोटो. चंदनाचा हार. खाली पट्टी, कै. शालिनी.
फोटोत मी आहे.
चष्मा सापडत नाही म्हणून मोबाइल परत दिला. चष्मा डोळ्यांवरच होता. सुनेच्या लक्षात आलं.

९ सप्टेंबर
दिवसभर देवळा गाव डोक्यात.
मामांच्या नाटक कंपनीचा मुक्काम होता तिथे, वीस दिवस. मी आठ वर्षांची. आई मला आठवतच नाही. मामांनी वाढवलं, पाचव्या वर्षी स्टेजवर उभं केलं. बोर्डावर 'बेबी कालिंदी'. राजपुत्र मी, छोटा साधू मी, आणि तिसऱ्या अंकात मरायचं कामही बहुतेक माझंच.
पुढच्या रांगेत एक बाई रोज असायची. मी मेले की सगळा तंबू रडायचा. ती रडायची नाही. वाट बघत बसायची. पडदा पडल्यावर मी उठून पुढे येऊन नमस्कार करायचे, तेव्हा तिचा चेहरा जो व्हायचा तो मला स्टेजवरून दिसायचा.
तिची मुलगी दोन महिन्यांपूर्वी गेली होती.

१० सप्टेंबर
काल अर्धवट राहिलं. लिहायला बसलं की हात थांबतो.
ती मामांना भेटायला आली. दुपारी मुलीला घरी पाठवा म्हणाली. मामांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ती ज्या नावाने हाक मारेल त्या नावाला ओ द्यायची. आपलं कामच आहे ते."
दिली ओ. पहिल्या दिवशी जड गेलं. दुसऱ्या दिवशी नाही.
शालूचे फ्रॉक मला पाठीत घट्ट व्हायचे, हुक लागायचे नाहीत. शालूच्या आई हळू हाताने वेणी घालायच्या. केसांत गुंता लागला की थांबायच्या, दुखलं का विचारायच्या. तोवर मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांना आई म्हणत होते. नाटक म्हणून म्हणत होते का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.
धाकटी बहीण होती, विमल. पाच वर्षांची. पहिले दोन दिवस दारामागून नुसती बघत राहिली. तिसऱ्या दिवशी भातुकली घेऊन आली.
वर्षाच्या सासूबाईंचं नाव विमलच.

१२ सप्टेंबर
शालूचा फोटो कधी काढलेलाच नव्हता. म्हणून मला शालूचा फ्रॉक घालून नाशकात आणलं, एसटीने. मेन रोडवरचा स्टुडिओ, जिना चढून वर. फोटोग्राफरला आईंनी काय सांगितलं होतं कोण जाणे. तो काळ्या कापडाखालून बाहेर आला आणि म्हणाला, "हसू नको बाळ. तू इथे नाहीस असं समज."
मी समजले.
तेवढं कसं जमलं, अजून कळत नाही. पण जमलं, आणि पुढचं सगळं त्यावरच चाललं. त्याने एक प्रत शोकेसमध्ये लावली. कोल्हापूरच्या सिनेमावाल्या एका माणसाने ती पाहिली आणि मामांचा पत्ता काढला. दहाव्या वर्षी पहिला बोलपट. सात चित्रपटांत काम केलं, पाचांत मेले. दिग्दर्शक वेगवेगळे, पण क्लोजअपच्या आधी सगळे तेच म्हणायचे, कालिंदी, डोळे फोटोतल्यासारखे. शेवटच्या दोन चित्रपटांत नायिकेची बहीण होते, वय सतरा. मग लग्न. ओझरच्या कारखान्यात नोकरी करणारा शांत माणूस. सासरी नाव सुनंदा ठेवलं. कालिंदी म्हणून पुन्हा कुणी हाक मारली नाही.
सातही फिल्म्स गेल्या. कुणाकडे प्रत नाही.

१४ सप्टेंबर
अश्विनीला सगळं सांगितलं. भाजी निवडता निवडता. ती थांबली, मग म्हणाली, म्हणजे तुमचा लहानपणीचा एकमेव फोटो त्यांच्या भिंतीवर आहे. आपण मागू. निदान कॉपी तरी.
मी म्हटलं, आधी बघू तरी दे.
तिने वर्षाला सांगितलं, सासूबाईंना कुणी भेटायला येणार आहे, जुन्या देवळ्याच्या ओळखीचं. तेवढंच.

१६ सप्टेंबर
अश्विनीबरोबर जाऊन आले.
विमलबाई बारीक झाल्या आहेत. मोतीबिंदू काढलेले डोळे, काळा चष्मा. मला फोटोसमोरच्याच खुर्चीत बसवलं. चंदनाचा वास. मी माझ्याकडे बघत चहा प्यायले.
माहेरच्या माणसाचं पान सासरी वाढत नाहीत, पण यांनी कुणाचं ऐकलं नाही. देवळ्याचं घर विकलं तेव्हा एवढा फोटोच मागून आणला. दर पितृपक्षात एक पान ताईचं. त्यावर शेवयांची खीर.
म्हणाल्या, "ताईला आधी खीर आवडायची नाही. परत आल्यावर आवडायला लागली."
अश्विनीने कप खाली ठेवला.
मग विमलबाईंनी सगळं सांगितलं. ताई गेली, तिला नेताना त्यांनी खिडकीतून पाहिलं. आणि नंतर ताई परत आली, वीस दिवस. रोज दुपारी यायची, भातुकली खेळायची, संध्याकाळी निघून जायची. फोटो तेव्हाचाच. आईने सांगितलं होतं, कुणाजवळ बोलू नकोस. लग्नानंतर एकदा नवऱ्याला सांगितलं तर त्यांनी डॉक्टरकडे नेलं. त्यानंतर फक्त फोटोशी बोलत आल्या. सुनेलाही हे पहिल्यांदाच कळत होतं, वर्षा दारात उभी राहून ऐकत होती.
"शेवटच्या दिवशी ताई माझ्या कानात काहीतरी बोलली. सगळं आठवतं हो मला. तेवढंच आठवत नाही. तेवढं आठवलं ना, तर मी सुखाने जाईन."
मी म्हटलं, आठवेल.
निघताना त्यांनी माझा हात धरून ठेवला. आवाज ओळखीचा वाटतो म्हणाल्या.
कॉपीचा विषय कुणीच काढला नाही.

१७ सप्टेंबर
मला आठवतं.
कंपनीची लॉरी निघाली होती. मी दारात उभी होते. वेणी घालणारी बाई बाहेर आली नाही. हाका मारल्या, आई म्हणून मारल्या, तरी आली नाही. आतून कडी लावून घेतली होती. विमल तेवढी धावत आली. मला इतका राग आला होता. कुणाला तरी दुखवायचं होतं, समोर तीच होती. वाकून तिच्या कानात म्हणाले, "मी तुझी ताई नाही. तुझी ताई मेली."
ती ओरडली नाही. मान हलवली, हो म्हटल्यासारखी.

१८ सप्टेंबर
अश्विनीचं म्हणणं, सांगून टाका. बाईंना नवऱ्याने वेडं ठरवलं, जन्मभर मनात ठेवावं लागलं. त्या वेड्या नव्हत्या, समोर खरीखुरी मुलगी होती, हे त्यांना कळायला नको का? बरोबर बोलते.
पण ते कळलं की ताई परत आली होती ते वीस दिवस त्यांच्या हातून जातील. आणि कानातलं वाक्य विचारलं तर?
दुपारी आरशासमोर उभी राहिले. फोटोतल्यासारखे डोळे करून पाहिले. ऐंशी उलटली तरी होतात. पटकन दिवा लावला.

१९ सप्टेंबर
वर्षाने अश्विनीला शाळेत सांगितलं, आम्ही गेल्यापासून सासूबाई फोटोशी बोलत नाहीत. तोंड फिरवून बसतात. वर्षाने विचारलं तर म्हणाल्या, त्यात आता कुणी नाही.
अश्विनी हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.

२० सप्टेंबर
सकाळी विमलबाईंचा फोन. वर्षाने लावून दिला असणार. उद्याचं आमंत्रण. सर्वपित्री आहे, जेवायला ये.
ये म्हणाल्या. या नाही.
मी म्हटलं, विमलबाई, मी कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे का?
"म्हातारी झालीस," त्या म्हणाल्या. "मीही झाले. ये लवकर, खीर गार होते."
फोन ठेवला तेव्हा अश्विनी दारात होती. उद्या मी सोबत येऊ का, एवढंच विचारलं. नको म्हटलं.
निळी साडी काढून ठेवली आहे. रिक्षावाल्याला अकराला सांगितलंय. कोण म्हणून त्या पानावर बसायचं, ते अजून ठरत नाही.