क्वीनीची शिंगं

प्रिय मर्ल,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. आता मुकाट्याने वाच.

क्वीनीला माझ्या गोठ्यात सोडताना काय म्हणालीस? "ग्लेनिस, दोन महिने सांभाळ, मग प्रदर्शनाला नेते." तिच्या शिंगांच्या मुळाशी रबरी रिंगा चढवून, वर चिकटपट्टी गुंडाळून, त्यावर केस विंचरून ठेवलेत, हे मात्र नाही सांगितलंस! शिंगांची दुभती शेळी रिंगणात घेत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे गं. पण चांगली चार वर्षांची शेळी ती, शिंगांचे कोंब डागून टाकायला आठवड्याचं करडू आहे का? रक्त अडून शेपटी गळून पडावी म्हणून कोकरांना लावतो त्या रिंगा तू तिच्या डोक्याला लावल्यास.

ती चाऱ्याला तोंड लावेना, सारखी भिंतीला डोकं घासायची. मला वाटलं, तुझी आठवण येत असेल. काय खुळी मी! मग एका शेळीने टक्कर दिली आणि डावं शिंग अर्धवट मोडलं. भिंतभर रक्त. त्यात आपल्याकडचा जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, आग ओकणारं ऊन आणि माश्याच माश्या.

जनावरांचे डॉक्टर हॅकेट आले आणि रिंगा बघून मलाच फाडफाड बोलले. "अहो बाई, शिंगात रक्त खेळतं, मुळाशी कवटीची पोकळी असते. काढायचीच तर थंडीत, पूर्ण भूल देऊन, डॉक्टरकडून. नाहीतर नुसती टोकं बोथट करायची, एवढं सोपं!" तरी मी तुझं नाव सांगितलं नाही, बहीण पडलीस ना. आता थंडीपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. भूल देऊन त्यांनी दोन्ही शिंगं काढली. डोक्याला दोन भोकं पडली, आतलं दिसायचं. रोज पट्टी मी बदलली. तू एकदाच विचारलंस, तेही काय, तर "प्रदर्शनापर्यंत जखम भरेल ना?" संताप आला, मर्ल. अजून येतो.

जखम भरली. पण कळपात सगळ्यांच्या आधी खाणारी क्वीनी आता मागे उभी असते. कालची करडंसुद्धा तिला ढुशा मारून हाकलतात, आणि ती उरलंसुरलं खाते.

शनिवारी तिला न्यायला येणार म्हणतेस. येऊ नकोस. काल तू बोलत होतीस ना, तेव्हा मी धारा काढत होते, फोन स्पीकरवर होता. तुझा आवाज कानावर पडला आणि ती चारा टाकून पार मागच्या कोपऱ्यात गेली. भिंतीकडे तोंड करून थरथरत उभी राहिली. मी फोन बंद केला, हाका मारल्या, तरी कितीतरी वेळ वळली नाही. क्वीनी इथेच राहील.

काही झालं तरी तुझीच बहीण,
ग्लेनिस