बन्सीचं ताट

३ जून १९७४, यवत
धाकटा भाऊ बन्सी महिनाभर भिंतीशी बोलतोय. झोप नाही, कामाला हात लावत नाही. माझं निदान: नाटक. म्हशी धुवायला नकोत म्हणून सोंग. दूध सोसायटीचा व्हाइस चेअरमन आहे मी, भेसळ बघताक्षणी ओळखतो. भयंकर राग आला. आमच्या हिला सांगून त्याचं ताट स्वयंपाकघरातून ओसरीवर हलवलं. आठ दिवसांत सुतासारखा सरळ होईल.

११ जून
झाला नाही. आता ओसरीच्या भिंतीशी बोलतो.
पाबळहून म्हाळूमामा आले. म्हणाले, "आरं, नाटक न्हाई, करणी हाय." संशय भावकीतल्या सरूबाईंवर. मला आधीच वाटलं होतं. राग ताबडतोब तिकडे वळवला. बन्सीबद्दल पोटात माया दाटून आली. पण करणी उष्ट्यातून पसरते म्हणे. ताट गोठ्यात. मायेनंच.

१९ जून, सकाळ
सरूबाई गोठ्यात बन्सीला थालीपीठ देताना सापडल्या. पुरावाच! त्यानंतर बन्सी गाढ झोपला. म्हणजे डोस भारी होता.

२६ जून
मामांचं सुधारित निदान: अंगात देवी येते. बोलणं भिंतीशी नाही, देवीशी. ताट देवघरासमोर, खाली पाट, वरणावर तूप. मी मोठा असून पाया पडलो. असा भाऊ लाभायला भाग्य लागतं. यंदा चेअरमन होईन का, विचारलं. म्हणाला, "आण्णा, मला झोप येत न्हाई."
अर्थ लावतोय.

९ जुलै
इलेक्शनला पडलो. देवी नव्हती.
बन्सीला पुण्याला दवाखान्यात नेलं. मी मुळात सायंटिफिक माणूस. डॉक्टर म्हणाले, आजार आहे, दोष कुणाचाच नाही, गोळ्या द्या आणि आपल्यात बसवा. हिनं विचारलं, दुसऱ्याला लागतं का? नाही म्हणाले. पण डॉक्टरांना तरी सगळं कुठं कळतं? ताट परत ओसरीवर.
राग कुणाचा धरावा ते समजेना. दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

२८ जुलै
बन्सी झोपतो, म्हशी धुतो. माझ्या शिस्तीचा परिणाम. गोळ्याही चालू आहेत.
जेवायच्या वेळी रिकामं ताट घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "आण्णा, आज मी कोण हाय? म्हंजी कुठं बसू ते कळंल."
निदान तयार नव्हतं. लाज वाटली. माझं ताट उचललं आणि ओसरीवर त्याच्याशेजारी जाऊन बसलो.
हिनं दोघांनाही लांबूनच वाढलं.