गोड बोलायची शिकवणी

हिंगणघाट,
ता. ९ डिसेंबर १९५७

चि. रूपराव यास थोरली बहीण शकुबाईचा जयभीम आणि आशीर्वाद.

आमी ठीक आहो. कोकिळा चौथीत गेली. थंडी बरीच पडून राह्यली. तुले नागपुरात बढती मिळाली, असं शेजारच्या भैयाजीकडून समजलं. चांगलं झालं.

दिवाळीआधी तू इथल्या मिलमध्ये आलता, हे मात्र तुह्या भाऊजीकडून समजलं. मजुरांशी कसं बोलावं, ते साहेबांले अन् मुकादमांले शिकवाले आलता म्हणे. मुकादम म्हणून हेही सतरंजीवर बसले होते. मॅनेजरनं तुही ओळख वाचून दाखवली. नागपूरचं कॉलेज, मुंबईचं ट्रेनिंग, मोठमोठ्या कंपन्या. याच मिलच्या सूतखात्यात यांनी तुले चिकटवलं, संपात तू फाटकावर उभा राहून बोलला अन् तिथंच तुही जीभ सुटली, ते काई त्यात नव्हतं. चहाच्या वेळेस हे पुढे आले, तर तू विचारलं, "आपलं नाव?"

यांनी नाव सांगितलं.

घरी आल्यावर मले म्हणाले, साहेबलोक होते सोबत, तो तरी काय करील.

मांगच्या सोमवारी साहेबानं यांले आत बोलावलं. खुर्ची दिली, चहा पाजला, कोकिळाची चौकशी केली. मंग म्हणाला, आता तुम्ही घरच्यांना वेळ द्या. हे हसतच घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खुर्ची भेटली म्हणाले. मी शिरा केला. दुसऱ्या दिवशी चौकीदारानं फाटकावर अडवलं, तवा यांले समजलं का आपल्याले काढलं.

 सकाळी म्हणाले, "शकू, हे तर आपल्या रूपरावनंच शिकवलं होतं. पहिले खुर्ची, मंग चहा, मंग लेकराबाळाचं. कडू शब्द तोंडात आणाचाच नाई."

पहिले साहेब शिव्या देऊन काढत. माणसाले भांडता तरी येत होतं, चार लोक गोळा होत. यांनी तर त्याचे आभार मानले, रूपराव. हात जोडून.

आता जिनिंगमध्ये कापसाचे बोरे उचलून राह्यले. तुह्याबद्दल कोणी वाईट बोललं तर अजून उठून जातात. हे पत्र त्यांले माहीत नाई.

उत्तर पाठवू नको. तू लिहिशील चांगलंच, अन् मले ते खरं वाटन.

शकुबाई