मला शांती नव्हती

९ जून
ह्यांचा रिपोर्ट आला. जिभेखालची गाठ कॅन्सरचीच. डॉक्टर म्हणाले, लवकर काढलेली बरी, वीस तारीख धरू. जुईनगरला घरी आलो. आल्या आल्या ह्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलं, ‘ऑपरेशन, प्र. इ.’
प्रभूची इच्छा असेल तर. मामंजींपासूनची सवय. आमच्याकडे गॅसचा नंबर लावला तरी पुढे प्र. इ. लागतं. एरवी आमची लेक मर्सी हसते. आज नाही हसली.

१२ जून
तीन दिवस प्रार्थना झाली. घरचा नियमच आहे, मोठी गोष्ट असली की दोघांनी प्रार्थना करायची, दोघांच्या मनाला शांती मिळाली तरच होकार. हे घर असंच घेतलं. मर्सीचं पहिलं स्थळ असंच नाकारलं.
“मला शांती आहे, शैला. तुला?”
“अजून नाही.”
ह्यांनी वीस तारीख खोडली.

३ जुलै
डॉक्टरांनी नवी तारीख दिली होती. पुन्हा प्रार्थना, पुन्हा माझं नाही. डोळे मिटले की कुसुमताई दिसते. माझी सख्खी बहीण. पित्ताचे खडे काढायला हसत आत गेली, भुलीतून उठलीच नाही. हे मी ह्यांना सांगितलं नाही. चर्चच्या पाळकांनाही नाही. ते म्हणाले, “घाई करू नका ताई.” किती बरं वाटलं मला.
दुपारी मर्सीचा ऐरोलीहून फोन, ऑफिसच्या जिन्यातून. “आई, तुझ्या शांतीसाठी गाठ थांबणारे का? मला टेन्शनने काम सुचत नाही.”
फोन ठेवला मी.

१९ जुलै
मी तिसऱ्यांदा नाही म्हणाले.
हे म्हणाले, “मग थांबू. प्रभू तुझ्याकडून काही सांगत असेल.”
मऊ भात कालवून दिला. ह्यांनी अर्धा टाकला.

१४ ऑगस्ट
गाठ मानेत उतरली. आता ऑपरेशन होण्यासारखं नाही. आधी औषधं, रेडिएशनचे शेक, मग बघू. ‘मग बघू’ म्हणताना डॉक्टर फाईलकडे बघत होते.
“जूनमध्येच ऑपरेशनला का नाही आलात?”
हे अडखळत म्हणाले, “आमचं ठरत नव्हतं.”
आमचं! माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं.

१७ ऑगस्ट, रविवार
उपासनेत शास्त्रपाठ ह्यांचाच असतो, वीस वर्षं. आज चौथ्या ओळीला जीभ वळेना. पुस्तक दुसऱ्याच्या हातात देऊन खाली येऊन बसले. माझा हात धरला. बाहेर बायका भोवती जमल्या. “शैलाताई, तुमचा विश्वास मोठा हो.”
कसला विश्वास. भीती होती ती, नुसती भीती. तिच्यावर मी देवाचं नाव घातलं आणि ह्यांच्यापुढे ठेवलं. ह्यांनी ते खरं मानलं, कारण ह्यांनी आयुष्यात असं खोटं कधी केलं नाही.
आणि तू रे प्रभू? तुला तर माहीत होतं. तीनदा ऐकलंस ना? एकदा तरी माझं तोंड धरायचं होतंस.

२२ ऑगस्ट
प्रार्थनेला बसते. शब्द नाही. हे आमेन म्हणतात तेव्हा मीही म्हणते.

२९ ऑगस्ट
बोलायला त्रास होतो म्हणून हे वहीवर लिहितात. सकाळी लिहिलं, ‘नाताळला नगरला जायचं का? तुला शांती आहे?’
अजून मलाच विचारतात. दूध उतू गेलं, तिकडे वळले, तेवढ्यात उत्तर टळलं.
नाही, आता सांगायलाच हवं. कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनात लिहिलं, ‘ह्यांना सांगणे.’ हाताच्या सवयीने पुढे प्र. इ. लिहून गेले. बघितलं आणि खोडलं. इतकं गिरवून खोडलं की कागद फाटला. पुन्हा तीच पळवाट नको.
हे औषधासाठी पाणी घ्यायला आले. वाचलं. माझ्याकडे बघून कष्टाने विचारलं,
“काय गं?”
“रविवारी.”
त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, फाटलेल्या जागेच्या खाली सावकाश लिहिलं, प्र. इ.