लाभचंद

आईच्या पायावर जोतीरामचं डोकं. साक्षी, आजीला सावकाश वाचून दाखव.

मी खुशाल हाय. इथं राजस्थानात एका राजाची जुनी शिकारकोठी हाय, भोवतीनं नुसतं रान. राजाच्या नातवानं कोठीत बंदुकांचं, तबेल्यात बग्ग्यांचं न् मुदपाकखान्यात भांड्यांचं म्युझियम केलंय. फौजेपरीस काम हलकं. दारात उभं ऱ्हायाचं, आत जाणारी माणसं मोठ्यानं मोजायची, मॅनेजर वहीत लिवतो.

पयल्या दिवशी गंमत झाली. तू शाळू मापताना पयल्या मापाला एक म्हणत न्हाईस, लाभ म्हणतीस. माझ्याबी तोंडात तेच आलं. "लाभ, दोन, तीन..." मॅनेजरला वाटलं, पयल्या माणसाचं नावच हाय. त्यानं वहीत लिवलं, लाभचंद. तवापास्नं रोजच्या पयल्या पावण्याला आमी दोघं लाभचंदच म्हणतो.

भांड्यांत आपल्यासारखीच शाळू मापायची पायली हाय. तिला फुलदाणी म्हणून चिठ्ठी लावलीया. मी रोज तिच्यावरची धूळ पुसतो.

यंदा शाळू किती झाला? माप तूच धरलंस का? हात दुखायचा थांबला का?

माझी काळजी करू नगंस. जेवण बरं हाय, मॅनेजर मायाळू हाय. फकस्त आठ दिस झालं, लाभचंद आला न्हाई.

तुझाच,
जोतीराम